अखंड स्वराचे मानकरी

रॉक संगीताचा इतिहास म्हणून गेल्या अर्धशतकात जे लिहिले गेले ते बहुतांशी गायकांचे आणि गिटारवादकांचे चरित्र आहे. वाद्य गळ्यात अडकवून रंगमंचाच्या अगदी काठापर्यंत चालत येणारा वादक छायाचित्रकाराच्या दृष्टीस प्रथम पडावा हे स्वाभाविकच होते. परंतु इतिहासकारानेही छायाचित्रकाराच्याच जागी उभे राहून आपली दफ्तरे भरली, आणि त्यामुळे ज्याला आपले वाद्य सोडून एक पाऊलही पुढे सरकता येत नव्हते, सुमारे चारशे पौंड वजनाच्या लाकडी पेटाऱ्यामागे बसून जो साऱ्या मेळाचा स्वरभार वाहत होता, त्या ऑर्गनवादकाची नोंद समासात पडून राहिली. प्रस्तुत ग्रंथ त्याच्याविषयी आहे. १९६२ ते १९७५ या अवघ्या तेरा-चौदा वर्षांत या संगीताला जे गांभीर्य आणि जो विस्तार लाभला त्यात ऑर्गनच्या अखंड स्वराचा वाटा फार मोठा होता, आणि तो स्वर धरणारे लोक साथीदार म्हणून नेमले गेले असले तरी त्यांतील अनेक जण वस्तुतः त्या रचनांचे सहकर्ते होते, असे माझे मत आहे. पुढील प्रकरणांत ते एकेका वादकाच्या निमित्ताने मांडले आहे. त्याची पार्श्वभूमी सांगणे एवढेच या प्रस्तावनेचे प्रयोजन.

मराठी वाचकाला ऑर्गनचे महत्त्व पटवून देण्यास फारसे श्रम पडू नयेत. पायांनी भाता चालवून वाजवण्याचा ऑर्गन संगीत नाटकाच्या वैभवकाळी आपल्या रंगभूमीवर असा रुळला की, त्याच्या भरघोस स्वरावाचून नाट्यपदाची कल्पनाच करवेना. नट तानेच्या फिरतीत दूरवर गेला असता तो समेवर परतेपर्यंत षड्ज जागा ठेवणे हे ऑर्गनवादकाचे काम असे. रॉक संगीताला मुळात याच गोष्टीची उणीव होती. गिटारची तार छेडली की स्वर जन्मतो आणि त्याच क्षणापासून क्षीण होऊ लागतो, ढोलाचा आघात उमटताच संपतो, पियानोचा हातोडा तारेवर पडून मागे हटला की त्या स्वरावरचा वादकाचा अधिकार जवळजवळ संपुष्टात येतो; ऑर्गनचा स्वर मात्र बोट उचलेपर्यंत आरंभीच्याच बळाने उभा राहतो. विजेच्या गिटारलाही पुढे अ‍ॅम्प्लिफायरच्या साहाय्याने दीर्घ स्वर काढता येऊ लागले हे खरे, पण चार-चार, पाच-पाच स्वरांचा संवाद एकाच वेळी निश्चल धरून ठेवण्याचे सामर्थ्य ऑर्गनकडेच राहिले.

हे सामर्थ्य ज्याने विजेच्या स्वाधीन केले तो लॉरेन्स हॅमंड संगीतकार नव्हता, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. इलिनॉय राज्यातील इव्हन्स्टन येथे जन्मलेला हा अभियंता शिकागोत घड्याळांचा कारखाना चालवीत असे, आणि त्या घड्याळांची मोटर विजेच्या प्रवाहाच्या आवर्तनांशी आपली गती जुळवून घेत अचूक फिरणारी होती. तीच मोटर त्याने स्वरनिर्मितीला जुंपली. कडेला उंचवटे कोरलेल्या पोलादी चकत्या चुंबकांसमोर आपापल्या ठरलेल्या गतीने फिरत राहतात, ती गती आणि उंचवट्यांची संख्या यांनुसार शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात निरनिराळ्या कंपनसंख्येचे प्रवाह उत्पन्न होतात, आणि वादक नऊ दांड्या कमीअधिक बाहेर ओढून मूळ स्वरात कोणते उपस्वर किती मिसळायचे ते ठरवतो, अशी या वाद्याची योजना आहे. पुढे सर्वाधिक नावाजलेल्या बी-थ्री या नमुन्यात अशा ९१ चकत्या असत. १९३४ साली पेटंट मिळाले, १९३५ साली वाद्य बाजारात आले, आणि नळ्यांचा भव्य ऑर्गन ज्यांच्या ऐपतीबाहेरचा होता अशा लहान चर्चांनी ते आवडीने घेतले. नळ्यांचे ऑर्गन बांधणाऱ्या जुन्या मिरासदारांना हे रुचणे शक्य नव्हते. प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे गेले, शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये दोन्ही वाद्ये आळीपाळीने वाजवून श्रोत्यांची परीक्षा घेण्यात आली, आणि जाणकार कानांनाही दर वेळी भेद सांगता आला नाही. शेवटी १९३८ च्या हुकुमान्वये नळ्यांच्या ऑर्गनची सारी स्वरसंपदा आपल्या वाद्यात असल्याची जाहिरात करण्यास कंपनीला मनाई झाली, तथापि ऑर्गन हे नाव लावण्याचा हक्क तिच्याकडे कायम राहिला.

यानंतरचे या वाद्याचे भाग्य बव्हंशी त्याच्या निर्मात्याच्या मनाविरुद्ध घडले. पट्टी दाबताच आतील विद्युत्संपर्क जुळताना जो बारीक टक् असा आवाज येई तो कंपनीने दोष मानला, आणि तो घालवण्याचे प्रयत्नही केले. वादकांनी मात्र त्या आवाजात स्वराची धार पाहिली. डॉन लेस्ली नावाच्या कॅलिफोर्नियातील कारागिराला हॅमंडचा स्वर फार एकसुरी वाटला, म्हणून त्याने एका कपाटात वरच्या स्वरांसाठी फिरता कर्णा आणि खर्जासाठी फिरते पिंप बसवून असा ध्वनिवर्धक तयार केला की, स्वर श्रोत्याकडे क्षणात झेपावतो आणि क्षणात मागे वळतो. हॅमंडने तो स्वीकारला नाही, उलट त्याच्याशी वर्षानुवर्षे वैर धरले. आज हॅमंड ऑर्गन म्हणून जगाच्या कानांत जो ध्वनी बसला आहे तो या दोन परस्परविरोधी माणसांच्या कृतींच्या संयोगातून निर्माण झालेला आहे. त्यांपैकी लेस्लीचा हिस्सा मी किंचित अधिक मानतो, कारण त्याने यंत्राच्या स्वराला श्वासोच्छ्वास दिला.

जॅझमध्ये जिमी स्मिथने १९५६ पासूनच्या आपल्या ध्वनिमुद्रिकांत हे वाद्य चर्च आणि चहापानगृहे यांतून बाहेर काढून एकलवादनाच्या पदाला नेले, आणि मेम्फिस शहरात स्टॅक्स कंपनीच्या स्टुडिओत १९६२ साली सतरा वर्षांच्या बुकर टी. जोन्सने एम-थ्री या लहान हॅमंडवर ‘ग्रीन अनियन्स’ वाजवले तेव्हा तरुणांच्या नृत्यसंगीतातही ऑर्गन प्रमुख वाद्य होऊ शकते हे सिद्ध झाले. त्या वादनात स्वर किती थोडे आहेत, आणि दोन वाक्यांमधील मोकळी जागा त्या पोराने किती धैर्याने मोकळीच ठेवली आहे, हे मी अद्यापही थक्क होऊन ऐकतो.

येथून कर्तृत्वाचा प्रश्न उपस्थित होतो, आणि त्याच्या दोन टोकांना दोन इंग्लिश ऑर्गनवादक उभे आहेत. अ‍ॅलन प्राइस हा न्यूकॅसलच्या ‘द अ‍ॅनिमल्स’ या मेळाचा वादक. त्याच्या व्हॉक्स कॉन्टिनेन्टल या हलक्या, ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ऑर्गनचा तीक्ष्ण स्वर १९६४ सालच्या ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ या गीताच्या मध्यावर जो चढत जातो, त्याने एका जुन्या परंपरागत लोकगीताला संपूर्ण नवे रूप दिले. त्या ध्वनिमुद्रिकेवर संयोजक म्हणून पाचांपैकी एकट्या प्राइसचे नाव छापले गेले, मानधनाचा ओघ त्यामुळे त्याच्याकडेच गेला, आणि इतर चौघांच्या मनात त्याविषयी जी कटुता राहिली ती दशकानुदशके शमली नाही. गिटारवरील जी स्वरमालिका आज शिकाऊ वादकाचाही हात प्रथम वळवते ती हिल्टन व्हॅलेंटाइनची होती. तेव्हा येथे ऑर्गनवादकाच्या पदरात न्यायापेक्षा अधिक पडले, असेच म्हटले पाहिजे.

दुसरे टोक मॅथ्यू फिशरचे. ‘प्रोकोल हॅरम’ या मेळाच्या १९६७ मधील ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ या गीतात बाखच्या छायेत वाढलेली, तरी बाखची नक्कल नसलेली, जी ऑर्गनची स्वरपंक्ती आरंभापासून शेवटपर्यंत फिरत राहते ती फिशरने रचली. पण रचनाकार म्हणून नोंद झाली ती गॅरी ब्रूकर आणि गीतलेखक कीथ रीड यांचीच. ते गीत जगभर गेले. फिशर १९६९ मध्ये मेळातून बाहेर पडला, आणि गीताला अडतीस वर्षे लोटल्यावर, २००५ साली, त्याने लंडनच्या न्यायालयात आपल्या हक्काचा दावा गुदरला. २००६ च्या निवाड्याने संगीताच्या स्वामित्वात त्याचा चाळीस टक्के हिस्सा मान्य झाला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो सहकर्ता असल्याचे कबूल करूनही, इतका विलंब लावणाऱ्याला उत्पन्नात वाटा मागता येणार नाही असे ठरवले. आणि २००९ च्या जुलैत हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने तो निर्णय फिरवून फिशरचा हिस्सा त्याला परत दिला, कारण इंग्लंडच्या कायद्यात अशा स्वामित्वाच्या दाव्याला मुदतीचे बंधन नाही. या निवाड्याचे कागद मी बारकाईने वाचले आहेत, आणि संगीतशास्त्रावरील पुष्कळशा जाड ग्रंथांपेक्षा ते मला अधिक उद्बोधक वाटतात. साथ कोठे संपते आणि रचना कोठे सुरू होते हा प्रश्न आपल्याकडे मैफलीत अदबीने टाळला जातो; तेथे तो शपथेवर विचारला गेला, स्वरलिपी पुढे ठेवून तपासला गेला, आणि जिच्यावाचून ते गीत ओळखताच येणार नाही अशा स्वरपंक्तीचा कर्ता केवळ मजुरीचा धनी ठरू शकत नाही, असा निर्णय झाला. लॉर्ड्सपैकी लेडी हेल यांनी आपल्या मतपत्रात त्याबद्दल स्वतःचे समाधान नमूद केले आहे.

या दोघांच्या मध्ये अल कूपर येतो. १६ जून १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत बॉब डिलनच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’चे ध्वनिमुद्रण चालू असता एकवीस वर्षांचा हा गिटारवादक केवळ पाहुणा म्हणून हजर होता, पॉल ग्रिफिन ऑर्गनवरून उठून पियानोकडे गेला आणि रिकाम्या जागी कूपर जाऊन बसला. इतर वादक कोणत्या स्वरावर जातात हे ऐकून मगच तो पट्ट्या दाबत होता, त्यामुळे त्याचा स्वर किंचित मागून येतो, आणि त्या मागून येण्यातच त्या गीताचे सारे औत्सुक्य साठले आहे. निर्माता टॉम विल्सन तो आवाज खाली ठेवू पाहत होता. डिलनने तो वर आणण्यास सांगितले. वाद्यावरील प्रभुत्व आणि वाद्याचे मर्म या दोन गोष्टी भिन्न असू शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत नाही.

प्रभुत्व आणि मर्म हे दोन्ही ज्याच्या ठायी एकवटले होते तो जॉन लॉर्ड. त्याला या ग्रंथात सर्वांत मोठे प्रकरण मिळाले आहे आणि ते मी जाणूनबुजून दिले आहे. १९४१ साली लेस्टर येथे जन्मलेल्या लॉर्डने बालपणी पियानोचे रीतसर शिक्षण घेतले, तरुणपणी लंडनला येऊन नाट्यकलेचा अभ्यास केला, आणि १९६८ मध्ये ‘डीप पर्पल’ या मेळाच्या स्थापनेत भाग घेतला. रिची ब्लॅकमोरच्या गिटारपुढे लेस्लीचा मृदू आवाज टिकेना, तेव्हा त्याने आपला हॅमंड थेट मार्शल अ‍ॅम्प्लिफायरांना जोडला. आणि देवळाच्या गांभीर्यात वाढलेल्या त्या स्वराला असा खरखरीत, गुरगुरणारा पोत आला की, कित्येक ठिकाणी गिटार कोणती आणि ऑर्गन कोणता हे प्रथम श्रवणी सांगता येत नाही. त्याने पुढे वापरलेला सी-थ्री हा नमुना मुळात चर्चसाठी चहूबाजूंनी झाकलेला बांधला जात असे, आणि त्याने तो ख्रिस्टीन मॅकव्ही या तितक्याच गुणी वादिकेकडून विकत घेतला होता. १९७२ च्या ‘हायवे स्टार’ मधील त्याचे एकलवादन ऐकताना बरोक काळातील पश्चिमी संगीताची शिस्त विजेच्या गोंगाटातही एका मात्रेने ढळत नाही, हे कोणाही सावध श्रोत्याच्या ध्यानात येईल.

‘चाइल्ड इन टाइम’च्या आरंभीची त्याची शांत स्वरपंक्ती मला अत्यंत प्रिय आहे, आणि म्हणूनच तिची वंशावळ सांगणे माझे कर्तव्य आहे. ती या मेळाची स्वतंत्र निर्मिती नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या मेळाने १९६९ मध्ये ‘बॉम्बे कॉलिंग’ या नावाची एक चाल ध्वनिमुद्रित केली होती, तिच्यावरून ही उचललेली आहे; डीप पर्पलच्या गायकाने ही गोष्ट उघडपणे मान्य केली, आणि त्या अमेरिकन मंडळींनीही पुढे डीप पर्पलची एक चाल घेऊन फिट्टंफाट केली. मुंबईचे नाव धारण करणारी ती जलद चाल लॉर्डने निम्म्याहून मंद केली, व्हायोलिनकडून काढून ऑर्गनकडे दिली, आणि तीत एक अशी प्रतीक्षा भरली जी मुळात नव्हती. कर्तृत्वाचा न्याय मागणाऱ्याने उसनवारीचा जमाखर्चही चोख ठेवला पाहिजे, आणि तो ठेवूनही लॉर्डची थोरवी कणभर उणावत नाही असे मला वाटते.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याचा ‘कन्सर्टो फॉर ग्रूप अँड ऑर्केस्ट्रा’ रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने माल्कम आर्नल्डच्या संचालनाखाली वाजवला. पुढल्याच वर्षी त्याची हस्तलिखित स्वरलिपी गहाळ झाली. सुमारे तीन दशकांनंतर मार्को द खूय या डच तरुण संगीतकाराने केवळ जुने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून ती जवळजवळ सबंध लिहून काढली, लॉर्डने आपल्या स्मृतीची भर घातली, आणि १९९९ च्या सप्टेंबरात त्याच सभागृहात ती रचना लंडन सिंफनी वाद्यवृंदासह पुन्हा उभी राहिली.

कीथ एमर्सनविषयी रसिकांत दोन तट आहेत. ऑर्गनच्या पट्ट्यांत सुरे खुपसणारा, वाद्य रंगमंचावर उलथेपालथे करणारा हा मनुष्य कित्येकांना केवळ दांभिक वाटला. पण सुरा खुपसला की पट्टी दाबलेलीच राहते, स्वर चालू राहतो, आणि दोन्ही हात मोकळे होतात. म्हणजे ज्या अखंड स्वराची महती मी वर सांगितली त्याचीच ती एक उग्र युक्ती होती. अर्जेंटिनाचा संगीतकार अल्बेर्तो हिनास्तेरा याच्या पियानो कन्सर्टोचा अखेरचा भाग आपल्या मेळासाठी बसवल्यावर एमर्सन परवानगी मागण्यास स्वतः जिनिव्हाला गेला, आणि त्या रचनाकाराने ते रूपांतर ऐकून मनापासून संमती दिली. ज्याला विद्वत्तेची चाड नाही तो इतके करीत नाही. रिक वेकमनची बोटे एमर्सनच्या बोटांइतकीच चपळ होती, आणि रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधील शिक्षण अर्ध्यावर सोडण्यापूर्वीच स्टुडिओंतून त्याला मागणी येत होती. तथापि मोठ्या वाद्यवृंदांच्या गर्दीत त्याने स्वतःच्या नावाने जे उभारले त्यापेक्षा डेव्हिड बोवीच्या ‘लाइफ ऑन मार्स’ या गीतामागे त्याने वाजवलेला पियानो मला अधिक मोलाचा वाटतो.

‘पिंक फ्लॉइड’चा रिचर्ड राइट या दोघांच्या अगदी उलट प्रकृतीचा. त्याला वेगाचा मोह नव्हता. फार्फिसा ऑर्गनवर, नंतर हॅमंडवर, तो एखादा स्वरसंवाद लावी आणि तो पुरेसा मुरेपर्यंत हात हलवीत नसे. १९७९ मध्ये ‘द वॉल’च्या निर्मितीच्या वेळी त्याला मेळातून दूर करण्यात आले, आणि त्यानंतरच्या कार्यक्रमांत जो मेळ त्याने स्वतः स्थापनेपासून वाढवला त्यातच तो पगारी नोकर म्हणून बसला. त्या खर्चिक प्रयोगांत भागीदारांना तोटा सोसावा लागला. राइटला त्याचा मुशाहिरा मिळाला. त्याच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या रचनेवर शब्दांवाचून गाणाऱ्या क्लेअर टोरीने पुढे सहकर्तृत्वाचा दावा केला, २००५ मध्ये आपसांत तडजोड झाली, आणि आज राइटच्या नावाशेजारी तिचेही नाव लागते. फिशरला जो न्याय मिळाला तोच न्याय येथे ऑर्गनवादकाकडून दुसऱ्या कलावंताला मिळाला, आणि तोही मला उचितच वाटतो.

गार्थ हडसनची हकिकत मात्र निर्मळ आनंदाची आहे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात वाढलेला, चुलत्याच्या अंत्यसंस्कारगृहात ऑर्गन वाजवलेला, पश्चिमी अभिजात संगीतात मुरलेला हा तरुण १९६१ साली एका रॉक मेळात जाण्यास तयार झाला तो दोन अटींवर: त्याला नवा लाउरी ऑर्गन मिळावा, आणि दर आठवड्याला प्रत्येक सहकाऱ्याकडून संगीतशिक्षणाचे दहा डॉलर वेगळे मिळावेत, जेणेकरून आपला मुलगा शिक्षक म्हणून नोकरीस आहे असे आईवडिलांना सांगता यावे. तोच मेळ पुढे ‘द बँड’ म्हणून विख्यात झाला. हडसन खरोखरीच त्यांचा शिक्षक होता. त्याच्या हाताखाली त्या अशिक्षित गुणवंतांना स्वरसंवादांचे व्याकरण कळले. २०२५ च्या जानेवारीत, त्या पाच जणांतला शेवटचा साक्षीदार म्हणून, तो सत्त्याऐंशीव्या वर्षी निवर्तला.

१९७५ च्या सुमारास हॅमंड कंपनीने फिरत्या चकत्यांचे ऑर्गन बनवणे थांबवले. सिंथेसायझर हलके होते, स्वस्त होत चालले होते, आणि चार हमालांवाचून गाडीत चढत होते. ऐंशीच्या दशकात तर जुने बी-थ्री कवडीमोलाने विकले गेले. नंतर संगणकीय यंत्रांनी चकत्यांचा, लेस्लीच्या फिरण्याचा, इतकेच काय त्या एके काळी दोष ठरलेल्या टक् आवाजाचाही हुबेहूब नमुना तयार केला. ती यंत्रे मी तुच्छ मानीत नाही, कारण त्यांच्यामुळेच आजच्या तरुण वादकाला हा स्वर परवडतो.

ग्रंथाच्या मर्यादेमुळे काही नावांना येथे स्वतंत्र प्रकरण देता आलेले नाही. डाव्या हाताने खर्ज आणि उजव्या हाताने ऑर्गन सांभाळून ‘द डोअर्स’ला रंगमंचावर बेसवादकाची गरजच न ठेवणारा रे मॅन्झारेक, अठराव्या वर्षी प्रौढ गळ्याने गाणारा आणि तितक्याच प्रौढ हाताने वाजवणारा स्टीव्ह विनवूड, आणि १९६९ च्या ‘गेट बॅक’ या तबकडीवर ‘बीटल्स’च्या नावालगत ज्याचे नाव छापले गेले तो बिली प्रेस्टन, यांचा परामर्श शेवटच्या प्रकरणात एकत्र घेतला आहे. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी ज्या ध्वनिमुद्रणाचा निर्देश आहे ते वाचकाने आधी ऐकावे आणि मगच मजकूर वाचावा. प्रकरणांचा क्रम वादकांच्या जन्मवर्षांवरून न लावता ध्वनिमुद्रणांच्या वर्षांवरून लावला आहे. त्यामुळे आरंभ १९६२ च्या मेम्फिसमध्ये, बुकर टी. जोन्सपासून होतो.